जॉइंट रिटर्न, पण आयआरए ज्याचा त्याचा

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करतो. पत्नी एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर आहे, कमावत नाही. माझ्या पगारातून ४०१(के), म्हणजे कंपनीच्या निवृत्ती योजनेचा हप्ता, कापला जातो. शिवाय २०२५ सालासाठी यंदा मार्चमध्ये आम्ही आपापल्या ट्रॅडिशनल आयआरएत (निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्यात) प्रत्येकी ७,००० डॉलर भरले. दोघंही चाळिशीच्या आत, उत्पन्न १,६८,००० डॉलर. टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये १४,००० टाकल्यावर ४२० डॉलर दंड दिसतो. पत्नीला पगार नाही म्हणून का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही, पगाराचा इथे संबंध नाही. रिटर्न जॉइंट असेल आणि तुमची कमाई दोघांच्या भरण्याला पुरत असेल, तर तिला तिच्या नावावर आयआरए भरता येतो. दंडाच्या आकड्यावरूनच कळतं की पूर्ण १४,००० तुमच्या एकट्याच्या नावाखाली गेलेत. पन्नाशीच्या आतल्या माणसाला २०२५ ची मर्यादा ७,००० आहे. वरच्या ७,००० वर ६ टक्के म्हणजे ४२०.

तिथे तुमची रक्कम ७,००० करा आणि पत्नीच्या नावापुढे ट्रॅडिशनल आयआरएची खूण करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती खूण केल्याशिवाय जोडीदाराचा रकाना उघडतच नाही, म्हणून लोक बेरीज करून मोकळे होतात. ४०१(के)चा आकडा इथे पुन्हा भरू नका. तो डब्ल्यू-२ मधून, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगाराच्या फॉर्ममधून, आधीच आलेला असतो.

मला दंडापेक्षा जास्त काळजी वाटते ती पत्नीच्या वजावटीची. तुम्हाला कंपनीची योजना आहे, त्यामुळे १,४६,००० च्या वरच्या जॉइंट उत्पन्नावर तुमच्या ट्रॅडिशनल आयआरएची वजावट शून्य. पण तिला स्वतःची योजना नाही, आणि तिच्यासाठी वजावट कमी व्हायला सुरुवातच २,३६,००० पासून होते. म्हणजे तिचे ७,००० पूर्ण वजा होतात. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असणार, म्हणजे १,५४० डॉलर टॅक्स वाचतो. तिची रक्कम तुमच्या नावाखाली राहिली तर हे सगळं बुडतं. दुरुस्तीनंतर फेडरल रिटर्नला जोडलेल्या शेड्यूल १ च्या २० व्या ओळीत ७,००० आलेत का, ते स्वतः बघा.

तुमच्या ७,००० ना वजावट नाही, म्हणून त्यांची नोंद ठेवणारा फॉर्म ८६०६ तयार व्हायला हवा, वर तुमचं नाव असलेला. हा फॉर्म नवरा-बायकोचा कधीच एकत्र नसतो. तो जपून ठेवा, नाहीतर निवृत्तीनंतर याच पैशावर दुसऱ्यांदा टॅक्स भराल. खरं तर तुमच्या उत्पन्नात रॉथ आयआरए (भरताना वजावट नाही, पण निवृत्तीनंतर काढताना टॅक्स नाही असं खातं) सरळ बसतो. तुमचा हा भरणा रॉथमध्ये फिरवून घ्यायला, तुमचं आयआरए खातं जिथे आहे त्या कंपनीला सांगा. तुमच्या जागी मी हेच केलं असतं. मग सॉफ्टवेअरने विचारल्यावर तसं नोंदवा. त्या रकमेसाठी ८६०६ लागणार नाही.

न्यू जर्सीच्या राज्य रिटर्नमध्ये मात्र आयआरएची वजावट मिळतच नाही. तिथला आकडा हलला नाही म्हणून काही चुकलं असं समजू नका.

आयआरए खातं असलेल्या कंपनीला एक फोन मात्र १५ एप्रिलच्या आत करा. मार्चमधले पैसे दोन्ही खात्यांत २०२५ सालाचे म्हणूनच नोंदलेत ना, विचारून घ्या. ते दाखवणारा फॉर्म ५४९८ मे संपता संपता येतो, तोवर मुदत गेलेली असते. पत्नीच्या खात्याची चौकशी तिलाच करावी लागेल, खातं तिचं आहे.