‘क्लिनिकल ऑडिट’साठी पडताळणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका ताईंनी विचारलं आहे: बरोबरच्या कर्मचाऱ्यांना ‘क्लिनिकल ऑडिट’, म्हणजे जे उपचार योग्य ठरले आहेत ते आपल्याकडे तसे होतात का हे पाहणं, समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. हाती आलेल्या कागदावर ‘चिकित्सालयीन लेखापरीक्षण’ असं छापलेलं होतं. ते वाचून एक कक्षसेवक म्हणाला, “आमी त पैशाले हातबी लावत नाही, मंग आमचं ऑडिट काऊन?” एका सिस्टरनं त्याच दुपारी जुनी रजिस्टरं काढून रिकामे रकाने भरायला घेतले. ताई विचारतात, याला आपल्या माणसांना कळेल असा मराठी शब्द आहे, की ‘ऑडिट’च म्हणत राहावं?

ताई, शब्द आहे आणि तो तुमच्या गावच्या बाजारात रोज वापरात आहे: पडताळणी. तो का, हे सांगण्याआधी त्या कक्षसेवकाची बाजू घेतो, कारण त्याचं बरोबर आहे. लेखा म्हणजे हिशेब. लेखापरीक्षण म्हटलं की जमाखर्च, पावत्या, आक्षेप, आक्षेपांची पूर्तता आणि शेवटी वसुली, एवढी सगळी वरात त्या शब्दामागून येते. सरकारी नोकरीतली माणसं ‘ऑडिट लागलं’ असं म्हणतात. ‘लागणं’ हे क्रियापद आपण आग, ठेच, दृष्ट यांनाही वापरतो. रकाने भरायला बसलेल्या सिस्टरना दोष देता येणार नाही. त्यांनी शब्दाचा अर्थ अचूक ओळखला, चूक शब्द निवडणाऱ्याची झाली. आणि हे नुकसान नुसतं भाषेचं नाही. मागाहून भरलेल्या रकान्यांतून खरं काय घडलं ते कधीच कळत नाही, म्हणजे ज्यासाठी ऑडिट करायचं तेच हातचं जातं.

मूळ इंग्रजी शब्दाचा उगम मात्र मऊ आहे. लॅटिनमध्ये ‘औदिरे’ म्हणजे ऐकणं. जुन्या काळी हिशेब मोठ्यानं वाचून दाखवत आणि तो ऐकून तपासणारा तो ऑडिटर. ‘क्लिनिकल’ ग्रीक ‘क्लिने’वरून आला, त्याचा अर्थ खाट. आपणही रुग्णालय ‘तीस खाटांचं’ असंच मोजतो. दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर ‘खाटेपाशी बसून ऐकणं’ असा अर्थ निघतो. मला तो फार आवडतो. पण व्युत्पत्ती आवडली म्हणून शब्द चालत नाही, तो कानाला काय आठवून देतो त्यावर चालतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या सभेत नक्की सांगा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत १९८९च्या श्वेतपत्रिकेत शब्द होता ‘मेडिकल ऑडिट’, म्हणजे डॉक्टरांनी डॉक्टरांच्या कामाकडे पाहणं. पुढे १९९०च्या दशकात तो बदलून ‘क्लिनिकल ऑडिट’ झाला, कारण उपचार एकटे डॉक्टर करत नाहीत. परिचारिका, प्रयोगशाळेतले, औषधं देणारे, सगळे त्यात आले. शब्द बदलला तो तुमच्यासारख्यांना आत घेण्यासाठी.

आता मराठीतले पर्याय. आपल्याकडे ‘अंकेक्षण’ रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणामुळे गावोगाव पोचला आहे, पण त्यात अंक म्हणजे पुन्हा आकडे आणि त्यामागे पैसेच. ‘तपासणी’ सोपा आहे, मात्र रुग्णालयात तो आधीच रुग्णाला दिलेला आहे. ‘सिस्टर, तपासणी झाली का?’ याचा अर्थ तिथे वेगळाच होईल. ‘अन्वेषण’ आरोग्य खात्यात ‘मातामृत्यू अन्वेषण’ म्हणून रुळला आहे. शब्द सुंदर आहे, अनु म्हणजे मागोमाग आणि एषण म्हणजे शोधणं. एका मृत्यूच्या पावलांवरून मागे मागे जात शोध घ्यायचा, तिथे तो चपखल बसतो. पण गुन्हे अन्वेषण विभागामुळे त्याला पोलिसी वास आहे, आणि क्लिनिकल ऑडिटमध्ये एका घटनेचा माग काढायचा नसतो, तर अनेक केसपेपर एका मापाशी लावून पाहायचे असतात.

इथेच पडताळणी कामाला येते. पडताळणे म्हणजे एक गोष्ट दुसऱ्या, खात्रीच्या गोष्टीशी ताडून पाहणं. कापूस-सोयाबीन विकायला नेणाऱ्या शेतकऱ्याला वजनकाट्याची पडताळणी ठाऊक असते. वैधमापन खात्याची, म्हणजे वजनमापं तपासणारी सरकारी माणसं ठरावीक मुदतीनं काट्यावर प्रमाणित वजन ठेवतात, काटा तेवढंच दाखवतो का पाहतात आणि मग शिक्का मारतात. फरक निघाला तर काटा दुरुस्त करून आणायचा आणि पुन्हा पडताळायचा, तिला फेरपडताळणी म्हणतात. क्लिनिकल ऑडिटची पूर्ण रीत याच क्रमात आहे: माप ठरलेलं, आपलं काम त्याला लावून पाहिलं, फरकाचं कारण शोधून दुरुस्त केलं, पुन्हा लावून पाहिलं. पुष्कळ ठिकाणी हे शेवटचं पाऊलच राहून जातं, आणि इंग्रजीत ‘री-ऑडिट’ हा शब्द वेगळा शिकवावा लागतो. मराठीत ‘फेरपडताळणी’ बाजारात तयार उभी आहे.

सर्पदंशाचं उदाहरण घ्या, पावसाळ्यात तुमच्याकडे तेच जास्त येतात. घोणस म्हणजे आपल्याकडची परड चावली की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला वीस मिनिटांची चाचणी आहे: दोन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष देण्याची वेळ आली. आता समजा, गेल्या पावसाळ्यातले तीस केसपेपर काढले आणि चाचणी केल्याची नोंद अठरांवरच सापडली. उरलेले बारा कुठल्या वेळचे? बहुतेक रात्रीचे. रात्री का नाही? नव्या काचेच्या नळ्या प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेला कुलूप. मग आपत्कालीन कक्षाच्या खणात नळ्यांचं एक खोकं ठेवायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा केसपेपर पाहायचे. यात कुणा सिस्टरचं नाव आलं नाही, यायची गरजही पडली नाही. चाचणी योग्य आहे की नाही हेही आपण विचारलं नाही, तो प्रश्न संशोधनाचा. जे योग्य ठरलं आहे ते आपल्याकडे होतं का, एवढाच पडताळणीचा प्रश्न.

या मापाला मराठीत ‘निकष’ म्हणा. निकष म्हणजे सराफाचा कसोटीचा दगड. दगड सोन्याला शिक्षा करत नाही, फक्त कस दाखवतो.

या शब्दावर एक खरा आक्षेप आहे आणि तो झाकून ठेवणं बरोबर नाही. ‘जात पडताळणी’. त्या दाखल्यासाठी ज्या घरांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले, त्यांच्या कानाला पडताळणीतही संशयच ऐकू येईल. यावर उपाय मला षष्ठीत दिसतो. ‘सिस्टरांची पडताळणी’, ‘आपल्या दवाखान्याची पडताळणी’ असं कधीच लिहू नका, बोलूही नका. ‘सर्पदंशाच्या उपचाराची पडताळणी’, ‘प्रसूतीनंतरच्या इंजेक्शनच्या वेळेची पडताळणी’ असं लिहा. ‘ची’च्या आधी माणूस आला की आरोप होतो, काम आलं की काम होतं. आणि क्रियापद ‘करणे’ ठेवा, कर्ता ‘आपण’. बाहेरून येऊन लागणाऱ्या गोष्टीची धास्ती असते. आपण स्वतः करतो त्या कामाची तेवढी नसते.

ऑडिटच्या जोडीनं येणाऱ्या ‘क्वालिटी इम्प्रूव्हमेंट’ या शब्दाबद्दल थोडक्यात. ‘गुणवत्ता’ म्हटलं की दहावी-बारावीची गुणवत्ता यादी आठवते, म्हणजे कुणीतरी पहिला आणि बाकीचे मागे. ‘दर्जावाढ’ तर नकोच, गावातली माणसं विचारतील खाटा किती वाढल्या. ‘दर्जा सुधारणे’ चालेल. दर्जा अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ पायरी. नळ्यांचं खोकं ही एक पायरीच झाली.

‘ऑडिट’ शब्द मात्र अजिबात काढून टाकू नका. वरून येणाऱ्या कागदांवर तोच असणार आणि तुमच्या माणसांना तो ओळखता यायला हवा. फलकावर असं लिहून पाहा:

‘सोमवारी दुपारी तीन वाजता आपण गेल्या पावसाळ्यातल्या सर्पदंशाच्या उपचाराची पडताळणी (क्लिनिकल ऑडिट) करणार आहोत. रजिस्टरं आहेत तशीच आणावीत. कक्षसेवकांसह सगळ्यांनी यावं.’

‘आहेत तशीच’ या दोन शब्दांखाली रेघ ओढा.