जळगावात इंजिनिअरिंग कॉलेज कधीपासून आहे आणि तिथलं वातावरण कसं असतं?

१९८३ पासून. त्याआधी खान्देशातल्या पोरांना पुणे, मुंबई, सांगलीसारख्या लांबच्या गावांना जावं लागायचं. त्या वर्षी वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि गिरणा पुलापलीकडे बांभोरीला, तिकडे फैजपूरला कॉलेजं उभी राहिली. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र १९९६ चं. बांभोरी-फैजपूरची जुनी कॉलेजं सुरुवातीला पुणे विद्यापीठाची. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० ला झालं, २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे.

वातावरणाचं म्हणाल तर पहिलं नाव उन्हाचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि नेमके तेव्हाच पेपर! आमच्या रूमवर कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी मार्कांवरून कधी झाली नाहीत. ड्रॉइंगची शीट घामाने ओली होऊ नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून रेघा मारायचो.

हॉस्टेलवर मराठवाडा-विदर्भाची पोरंही असतात. महिनाभरात तीही आमच्या खान्देशी बोलीत ‘काय करी ऱ्हायना भो?’ (काय करतोयस भाऊ?) विचारायला लागतात. रविवारी रात्री मेस बंद, मग शेवभाजी. तिचा तर्रीचा रंग बघूनच बाहेरची पोरं आधी पाणी मागवतात. हिवाळ्यात मात्र कुणाच्या तरी शेतावर काड्यांवर वांगी भाजून भरीत, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. प्लेसमेंटसाठी पुण्याकडे बघावं लागतं हे खरं, पण भरितासाठी नाही.