पिल्लं आणण्याआधी जाळी बघा

ताई, कोंबडीची पिल्लं आणण्याआधी खुराडं पुरं करा. ती आल्यावर हात रिकामा राहत नाही.

पहिला आठवडा उबेचा. बल्बखाली ३५ अंशांच्या आसपास ठेवा, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्या. थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे बघून कळतं. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठलीत. कडेला सरकून, चोच उघडी टाकून धापत असतील तर ऊब जास्त झालीय. खाली अंथरलेलं तूस कोरडं हवं, पाण्याचं भांडं उथळ. लासोटा (राणीखेत रोगावरची लस) आणि गंबोरो रोगावरची लस, दोन्हींच्या तारखा पशुवैद्यकांकडून लिहूनच घ्या.

घारीला सगळेच घाबरतात, पण डालग्याखालच्या पिल्लाला ती काही करू शकत नाही. मला खरी धास्ती मुंगसाची, घुशीची आणि सापाची. षटकोनी कोंबडीजाळी पिल्लांना आत ठेवते, पण साप तिच्यातून सहज शिरतो. महाग पडली तरी अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे चौकोनी घरांची ताठ जाळी, घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा. मुरूम कठीण असेल तर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड रचा. दाराखालच्या फटीत करंगळी गेली तर ती फट आजच बुजवा. सांडलेलं खाद्य संध्याकाळी उचला. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण, नाग. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

घरी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी असेल तर एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी बहुतेक वेळा ती त्यांना आपली म्हणूनच फिरवते.