वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या जंगलातील पक्षी

प्रश्न : माझी बहीण मॉरिशसमध्ये व्हाकोआ येथे राहते. ऑक्टोबरअखेर तिच्याकडे जाणे होणार असून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात पक्षी पाहण्याची फार इच्छा आहे. मात्र तेथे जाऊन आलेल्या एका परिचितांनी ‘सगळे आपल्याकडचेच पक्षी दिसतात’ असे सांगितले. हे खरे आहे का? खास तेथले पक्षी पाहायचे तर काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या परिचितांनी जे पाहिले ते खरेच आहे, फक्त ते बहुधा रस्त्याच्या कडेलाच थांबले असावेत. साळुंकी लाल टोळांच्या बंदोबस्तासाठी १७६२ साली भारतातून मॉरिशसला नेण्यात आली. शिपाई बुलबुल आणि आपला नेहमीचा पोपटही माणसानेच तेथे पोहोचवले. गावांत, उसाच्या शेतांत आणि जंगलाच्या कडेला हेच पक्षी आधी दिसतात. खास तेथले पक्षी मात्र मूळ जंगलाला धरून राहिले आहेत, आणि चांगल्या स्थितीतील असे जंगल बेटाच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्केही उरलेले नाही. १९९४ साली घोषित झालेल्या या उद्यानात त्यातला मोठा वाटा सामावलेला आहे.

व्हाकोआहून उद्यानाचे पेत्रिन प्रवेशद्वार जवळ पडते. तेथून माकाबेच्या जंगलात जाणारी वाट बरीचशी सपाट आहे; उजाडताच ती धरावी आणि चालण्यापेक्षा थांबण्याला अधिक वेळ द्यावा. ऑक्टोबर हा बहुतेक स्थानिक पक्ष्यांच्या विणीच्या हंगामातला महिना असल्याने आपली वेळ उत्तम साधली आहे. पठारावर पाऊस कधीही येतो, म्हणून दुर्बिणीसाठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवावी. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणे कटाक्षाने टाळावे, कारण घरटे सांभाळणारा पक्षी त्यामुळे विनाकारण घरटे सोडून बाहेर येतो.

सर्वाधिक गोंधळ पोपटांचा होतो. तेथला स्थानिक एको पॅराकीट आपल्या पोपटाचा जवळचा नातलग आहे, पण त्याचा हिरवा रंग अधिक गडद, अंग भरदार आणि शेपूट आखूड असते. चोच नीट पाहावी : आपल्याकडच्या पोपटात नर-मादी दोघांचीही चोच लाल असते, तर एको पॅराकीटच्या प्रौढ मादीची वरची चोच काळी असते. चोच दिसली नाही तर आवाजावर लक्ष द्यावे. एकोचा आवाज अधिक जाड आणि खालच्या पट्टीतला असतो. एकदा हा फरक कानात बसला की झाडीआडूनही पक्षी ओळखता येतो.

मॉरिशस केस्ट्रेल, म्हणजे तेथली खरूची, उघड्या माळावर घिरट्या घालताना शोधू नये. तिचे पंख आखूड व गोलसर असून ती झाडांच्या दाटीत शिरून हिरव्या पाली पकडते. तिच्यासाठी खालच्या दरीत, कड्यांच्या बाजूला जावे.

प्रश्न : उद्यानातील गुलाबी कबुतरांसाठी धान्य ठेवतात असे वाचले. मग हे पक्षी पाहणे आणि प्राणिसंग्रहालयात जाणे यांत फरक काय उरला? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : फरक मोठा आहे. ही कबुतरे जोडीदार स्वतः निवडतात, घरटी जंगलात बांधतात आणि माकडे, उंदीर व मांजरे यांच्या तोंडून अंडी-पिल्ले वाचवण्याची धडपडही स्वतःच करतात. या तिन्ही प्राण्यांना बेटावर माणसानेच आणले. चिनी पेरूच्या झुडपांनी मूळ फळझाडांची जागा व्यापल्याने जंगलात खाद्य कमी पडते आणि ती उणीव धान्याने भरून काढली जाते. १९९०च्या सुमारास निसर्गात जेमतेम दहा गुलाबी कबुतरे उरली होती. आज ती काही शेकड्यांत आहेत. आपणच निर्माण केलेली टंचाई आपण भरून काढत असू, तर त्याला लाड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

केस्ट्रेलची कथा याहून बिकट आहे. अधिवासाचा नाश आणि हिवतापाच्या डासांवर फवारलेले डीडीटी यांमुळे १९७४ साली निसर्गात केवळ चार ज्ञात पक्षी उरले होते. १९७९ साली तेथे गेलेले पक्षिसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. वाढवलेली पिल्ले नंतर रानात सोडली गेली. संख्या वाढली, परंतु २०१४ साली या पक्ष्याला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत पुन्हा ‘संकटग्रस्त’ वर्गात घालावे लागले. गुलाबी कबूतर मात्र २०१८ साली त्या वर्गातून बाहेर आले.

पेत्रिनला कबुतराचे पाय दुर्बिणीतून अवश्य पाहावेत. बऱ्याच पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी असतात आणि त्यांच्या रंगांच्या क्रमावरून संवर्धकांना प्रत्येक पक्षी वेगळा ओळखता येतो.