जेंडर स्टडीज करून खाणार काय?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईंचं पत्र आलंय. मुलीला तिथल्याच रटगर्स या सरकारी विद्यापीठात इनस्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या कमी फीवर, प्रवेश मिळालाय आणि बोस्टनजवळच्या एका खासगी कॉलेजातही. विषय मात्र तिने दोन्हीकडे एकच ठरवलाय: विमेन्स अँड जेंडर स्टडीज, म्हणजे स्त्री आणि लिंगभावाचा अभ्यास. “ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मंडळाच्या पाडव्याला कुणी विचारलं तर मी ‘प्री-लॉ’ म्हणून मोकळी होते. ताई, हिला समजवायचं कसं?”

‘प्री-लॉ’, म्हणजे वकिलीच्या आधीची पदवी, हे अगदीच खोटं नाही बरं का. लॉ स्कूलला अमुकच मेजर (मुख्य विषय) लागतं असं नाही. आणि हा विषय म्हणजे अमेरिकेचं नवं खूळ, असं ह्यांचं म्हणणं असेल तर त्यांना सांगा, आपल्या मुंबईत एसएनडीटीने स्त्री-अभ्यासाचं केंद्र १९७४ सालीच काढलंय.

पैशाचं मात्र खरं आहे. या पदवीवर कॉम्प्युटर सायन्ससारखा पगार मिळत नाही. मुलं शाळा-कॉलेजात, सामाजिक संस्थांत, सरकारी खात्यांत, एचआरमध्ये लागतात आणि सुरुवात बेताचीच असते. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्ड या वेबसाइटवर प्रत्येक कॉलेजातल्या प्रत्येक विषयाची मिळकत आणि कर्ज बघता येतं. पण त्यातले पगार फक्त सरकारी मदत घेतलेल्या मुलांचे असतात, आणि जिथे मुलं थोडी तिथे रकाना कोराच. या विषयात कोरे रकाने पुष्कळ दिसतील. म्हणून पगारावरून घरात वाद घालण्यापेक्षा कर्जाचा कागद हातात घ्या. तो आकडा निदान तुमच्या हातातला आहे.

मुलीच्या नावावर सरकार देतं ते कर्ज मोजकंच असतं. पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दरवर्षी ७,५००. चार वर्षांचे झाले २७,०००. २०२५-२६ चा ६.३९ टक्के दर धरून दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण ३०५ डॉलर, शिकताना चढलेलं व्याज वेगळं. बेताच्या पगारात जड जातं, पण निभतं. शिवाय ती सरकारी किंवा ना-नफा संस्थेत लागली आणि मिळकतीनुसार हप्ता ठरणाऱ्या पात्र योजनेत १२० हप्ते भरले, तर उरलेलं कर्ज माफ होण्याची सोय २००७ पासून आहे. या विषयाच्या मुलांना ती खरंच उपयोगी पडते.

घर बुडतं ते दुसरीकडे. कॉलेजच्या पत्रात ‘मदत’ या मथळ्याखाली कधीकधी हळूच एक ओळ असते: पेरेंट प्लस. ती मदत नव्हे, ते बाबांच्या नावावरचं कर्ज. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, वर प्रक्रियेचे चार टक्क्यांहून जास्त कापून घेतात. आजवर कॉलेजचा उरलेला सगळा खर्च यातून उचलता यायचा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा आहे. ६५,००० चा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला ८२० च्या आसपास जातो. बाबा आज बावन्नचे असतील, तर मुलीच्या पदवीनंतर फेडायला घेऊन मोकळे होतील सहासष्टाव्या वर्षी. सरकार हे कर्ज पुढे मुलीच्या नावावर करून देत नाही. आणि ती ना-नफा संस्थेत असली तरी तिच्या नोकरीवर बाबांचं कर्ज माफ होत नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. तिच्या नावावरच्या २७,००० त आणि तुम्ही आजवर साठवलेल्यात बसत असेल, तर विषय तिचा तिला निवडू द्या. बोस्टनसाठी पेरेंट प्लस लागणार असेल तर रटगर्स. हेच मी मुलगा मेकॅनिकलला जात असता तरी सांगितलं असतं, फक्त इतकं ठासून नसतं सांगितलं.

पत्रात तुम्ही व्हिसाचं काही लिहिलं नाहीत. मुलगी नागरिक किंवा ग्रीन कार्डवर असेल तरच वरचं सगळं लागू. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर सरकारी कर्ज मिळतच नाही. तिच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तुमचा ग्रीन कार्डचा नंबर लागला नाही, तर तिला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. मग पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्या व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, फक्त बारा महिने, कारण स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) मिळणारे जादा चोवीस महिने या विषयाला नाहीत. अशा घरांना मी स्टॅटिस्टिक्ससारख्या स्टेम विषयाबरोबर डबल मेजर सुचवते. इथे अडचण पगाराची नाही, इथे राहता येण्याची आहे, आणि मुलीला ती तशीच सांगा.

१ मेच्या आत दोन्ही कॉलेजांची पत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. पेरेंट प्लसची ओळ पेनने खोडा आणि उरलेली बेरीज मुलीलाच करू द्या. बोस्टनला जायचाच हट्ट असेल तर तिथल्या आर्थिक मदतीच्या ऑफिसात तिने स्वतः फोन करून ग्रँट वाढवून मागावी. कधीकधी देतात.