शेवटचंच गाणं का फाटतं?

प्रश्न : आवडत्या जुन्या रॉक बँडचा नवा दुहेरी अल्बम ग्रामोफोनच्या दोन तबकड्यांवर घेतला. गाणी झकास, पण चारही बाजूंचं शेवटचं गाणं चरचरतं. तबकड्या बदलून मागू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : घाई नको. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते; त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम २१. तेवढ्याच खाचेत झांजा आणि ‘स’ दाटतात, सुईला ते नीट वाचता येत नाहीत, म्हणून आवाज चरचरतो. आधी मऊ ब्रशने सुई मागून पुढे झाडा. तुमच्याकडच्या पावसाळी दमटपणात धूळ घट्ट बसते. मग छोट्या वजनकाट्यावर मोजून सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) पुस्तिकेप्रमाणे लावा, बऱ्याचदा २ ग्रॅमच्या आसपास. भार कमी ठेवला तर सुई उडते आणि खाच उलट जास्त खराब होते! तरीही चरचरलं तर प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या आखीव पट्टीवर) कार्ट्रिजचा कोन तपासा.