निवडून न येताही कायदेतज्ज्ञ लोकशाहीच्या उभारणीत सहभागी होऊ शकतात का?

होऊ शकतात, आणि बेनेगल नरसिंह राव हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते संविधान सभेचे सदस्य नव्हते, केवळ घटनात्मक सल्लागार होते. तरीही मसुदा समितीपुढे आलेला २४३ अनुच्छेद आणि १३ अनुसूचींचा कच्चा मसुदा त्यांनीच तयार केला होता. समितीने आणि सभेने त्यात पुष्कळ बदल केले व अंतिम राज्यघटना ३९५ अनुच्छेदांची झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, जे स्वतः बॅरिस्टर होते, त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात श्रेयाचा वाटा राव यांना दिलाच, शिवाय मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे, गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या आणि नेमक्या कायदेशीर भाषेत मांडण्याचे कौशल्यही (माझ्या मते हेच काम सर्वांत दुर्लक्षित राहते) आवर्जून नोंदवले.